डुक्कर कुत्र्यासारखं मागे फिरायचं, तरी जेरेमी बेंथमने मांस खाणं का सोडलं नाही?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या स्टुडंट सेंटरमध्ये एका काचेच्या पेटीत एक म्हातारा खुर्चीवर बसलाय. अंगात कोट, डोक्यावर मोठी हॅट, सोबत काठी. चेहरा मेणाचा आहे, पण कपड्यांच्या आत गवत भरून उभा केलेला सांगाडा खरा आहे. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या जेरेमी बेंथमचा.

राज्यशास्त्र शिकलेल्यांना किंवा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केलेल्यांना बेंथम म्हटलं की उपयुक्ततावाद आठवतो. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, पाच मार्कांचा प्रश्न. आम्हा मास कम्युनिकेशनवाल्यांना तो फुकोच्या मार्गाने भेटतो. कैद्यांवर कायम नजर ठेवता येईल अशा गोल तुरुंगाचा, म्हणजे पॅनॉप्टिकनचा आराखडा मांडणारा माणूस म्हणून. पण जगात कुठेही हुशार प्राणी खावेत का यावर वाद सुरू झाला, की तिथे बेंथमचं नाव येतंच. आणि ते येतं त्याने लिहिलेल्या एका तळटीपेमुळे.

गंमत म्हणजे ती तळटीप नीट वाचली, तर शाकाहारी आणि मांसाहारी दोघांचीही पंचाईत होते.

मेणबत्ती आणि किडे

बेंथमचा जन्म १५ फेब्रुवारी १७४८चा, लंडनचा. वडील पैसेवाले वकील. पोरगं विलक्षण हुशार निघालं. दुसरी मुलं धड बोलायला शिकतात त्या वयात याचं लॅटिन सुरू झालं होतं. बाराव्या वर्षी त्याला ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात घातलं. हा एक दिवस इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर होणार अशी वडिलांची खात्री होती.

लहानपणचा एक प्रसंग त्याने म्हातारपणी आपल्या चरित्रकाराला सांगितला. छोटा जेरेमी किडे पकडून मेणबत्तीच्या ज्योतीत धरायचा. घरातल्या एका मोलकरणीने ते पाहिलं आणि त्याला थांबवलं. अशा कारणासाठी लहानपणी ओरडा खाल्लेली माणसं आपल्याकडेही घरोघरी सापडतील. फरक एवढाच, की या मुलाच्या डोक्यात तो प्रश्न राहिला आणि पुढे त्याने तो कायद्याच्या पुस्तकात नेला.

ऑक्सफर्डला त्याने ब्लॅकस्टोन या त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या कायदेपंडिताची व्याख्यानं ऐकली आणि त्याला ती पटली नाहीत. वय फक्त पंधरा. १७६९ मध्ये तो वकील झाला, पण वकिली कधीच केली नाही. इंग्लंडचा कायदा म्हणजे जुन्या रूढी, वशिले आणि वकिलांची कमाई यांचा गुंता आहे, तो चालवण्यापेक्षा पुन्हा नव्याने लिहिला पाहिजे, असं त्याचं मत झालं. वडिलांचा केवढा विरस झाला असेल, ते मोठी फी भरून इंजिनिअर केलेल्या मुलाने नोकरी सोडली की घरात काय होतं, यावरून ओळखता येईल.

मग तो लिहीत सुटला, आणि मरेपर्यंत लिहीत राहिला. १७७६ मध्ये ब्लॅकस्टोनवर टीका करणारं त्याचं पहिलं पुस्तक नाव न लावता आलं. त्याच्या मुख्य ग्रंथाची छपाई १७८० मध्ये झाली, पण बाजारात तो १७८९ मध्ये आला. नीती आणि कायदे यांची मूलतत्त्वं, असा त्याचा विषय. कोणतीही कृती बरी की वाईट हे देव, परंपरा किंवा राजाची मर्जी यावर ठरवायचं नाही. तिच्यामुळे सुख किती आणि दुःख किती निर्माण होतं यावर ठरवायचं. एवढा साधा हिशोब.

या हिशोबातच प्राणी येऊन बसले. दुःख मोजायचं असेल तर ते कुणाचं मोजायचं? फक्त माणसांचंच का?

त्या तळटीपेत आहे तरी काय?

ग्रंथाच्या सतराव्या प्रकरणात, खाली बारीक अक्षरात, बेंथम हा प्रश्न हाताळतो. सुरुवातच आपल्याशी संबंध असलेली आहे. हिंदू आणि मुसलमानांच्या धर्मांत प्राण्यांच्या हिताकडे थोडंफार लक्ष दिलेलं दिसतं, हे तो नोंदवतो आणि मग विचारतो, की बाकी ठिकाणी ते का नाही? त्याचं उत्तर रोखठोक आहे. कायदे एकमेकांच्या भीतीतून तयार झाले आणि प्राण्यांना माणसांसारखी आपली भीती वापरून घेता आली नाही. बैल संप करत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कायदा झाला नाही.

(बेंथम भारतात कधीच आला नव्हता. इथे दिसणारं भूतदयेचं तत्त्व आणि रस्त्यावर टांगा ओढणाऱ्या घोड्याची हालत यातलं अंतर त्याने पाहिलं असतं, तर वाक्य थोडं बदललं असतं असं मला वाटतं.)

पुढचा मुद्दा गुलामगिरीचा. तो लिहितो तेव्हा ब्रिटिश जहाजं आफ्रिकेतून माणसं भरून नेत होती आणि गुलामांना कायद्याने जवळपास जनावरांसारखंच वागवलं जात होतं. कातडीचा रंग काळा आहे म्हणून एखाद्याला छळणाऱ्याच्या हवाली करता येत नाही, हे फ्रेंचांच्या लक्षात आलंय, असं बेंथम म्हणतो. मग पायांची संख्या, अंगावरचे केस, शेपूट असणं-नसणं, ही कारणंही एक दिवस अशीच पोकळ ठरतील, ही त्याची आशा.

इथे समोरचा म्हणणार, की माणसाला बुद्धी असते, भाषा असते, प्राण्याला नसते. हाच खरा फरक. बेंथमचं उत्तर असं, की पूर्ण वाढलेला घोडा किंवा कुत्रा हा एका दिवसाच्या, आठवड्याच्या, अगदी महिन्याच्या तान्ह्या बाळापेक्षा जास्त समजूतदार असतो. आपण बाळाला बुद्धीच्या मार्कांवर हक्क देत नाही. मग प्राण्यांना तीच परीक्षा का? आणि समजा प्राणी बाळापेक्षा हुशार नसते, तरी काय बिघडलं असतं? त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हे प्रश्नच गैरलागू. त्यांना दुखतं का, एवढंच पाहायचं.

तळटीपेचा हा भाग जगभर प्रसिद्ध आहे. १९७५ मध्ये पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने प्राण्यांच्या मुक्तीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याने याच ओळींचा आधार घेतला. आज प्राणीहक्कांच्या पोस्टर्सवरही त्या दिसतात.

पोस्टरवर न येणारा भाग याच तळटीपेत आहे. बेंथम म्हणतो, की आपल्याला आवडतात ते प्राणी खायला आपल्याला पूर्ण मुभा असावी. त्याची कारणं हिशोबी आहेत. खाल्ल्याने आपला फायदा होतो. प्राण्याचं मात्र नुकसान होत नाही, कारण येणाऱ्या मरणाची लांबलचक धास्ती त्याच्या मनात नसते. शिवाय आपल्या हातून येणारं मरण बहुतेक वेळा झटपट असतं. निसर्गावर सोडलं तर ते जास्त हळू आणि जास्त वेदनेचं आलं असतं. म्हणून मारायला हरकत नाही, पण छळायला आहे.

म्हणजे बुद्धी त्याने पुढच्या दाराने बाहेर काढली आणि मागच्या दाराने आत घेतली. दुखतंय का, एवढंच पाहायचं म्हणाला आणि मारण्याचं समर्थन करताना प्राण्याला उद्याचा विचार करता येत नाही, यावर येऊन टेकला. उद्याचा विचार करता येणं ही बुद्धीचीच गोष्ट नाही का?

हेंडनचं डुक्कर

हा माणूस काही प्राण्यांपासून दूर बसून पुस्तकी गप्पा मारत नव्हता. लंडनजवळच्या हेंडनला तो राहायचा तेव्हा तिथे एक डुक्कर होतं. बेंथम आपल्या काठीने त्याचं अंग घासून द्यायचा. डुकराला ते इतकं आवडायला लागलं की ते येऊन आडवं पडायचं, आणि पुढे पुढे तर कुत्र्यासारखं त्याच्या मागे चालायचं. ही आठवण त्याने स्वतः सांगितलेली आहे. त्या डुकराचं शेवटी काय झालं, हे मात्र तो सांगत नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पाळलेल्या डुकराचं सहसा काय व्हायचं ते आपल्याला माहीत आहे.

मांजरांवर तर त्याचा जीव होता. लँगबॉर्न नावाच्या बोक्याला तो आपल्या टेबलावर मॅकरोनी खायला द्यायचा. बोका तरुण आणि उनाड होता तेव्हा त्याला त्याने गमतीने सर ही पदवी दिली. वय झालं, बोका शांत झाला, तेव्हा सर काढून रेव्हरंड केलं आणि नंतर डॉक्टरही. मेल्यावर त्याला बागेत पुरलं. ती बाग एकेकाळी कवी मिल्टन राहायचा त्या घराची. उंदरांचीही एक टोळी त्याच्या ओळखीची झाली होती. ते त्याच्या पायांवरून चढून मांडीवरचे ब्रेडचे तुकडे खायचे. मांजर आणि उंदीर दोघांवर सारखंच प्रेम करणं अवघड जातं, ही त्याची प्रामाणिक अडचण.

बाहेरच्या लंडनमध्ये वेगळंच चाललेलं होतं. गुरांचे आणि मेंढ्यांचे कळप शहराच्या रस्त्यांवरून स्मिथफील्डच्या बाजारात हाकत आणले जात. बैलाला खुंटीला बांधून त्याच्या अंगावर कुत्रे सोडायचे, कोंबड्यांच्या झुंजी लावायच्या, हा लोकांचा टाइमपास. बेंथमने फौजदारी कायद्याबद्दल लिहिताना असल्या खेळांवर बंदी घालावी असं सुचवलं. अशा खेळांत रमणाऱ्याची माणसांबद्दलची दयाही बोथट होते, हा त्याचा एक युक्तिवाद होता. दुसरा जास्त थेट होता. ज्याला वेदना होते अशा कुठल्याही जिवाला कायद्याने संरक्षण का नाकारावं?

मधली वर्षं मी भरभर सांगते, कारण ती बरीचशी तुरुंगातच गेली, म्हणजे तुरुंगाच्या आराखड्यात. त्याचा भाऊ सॅम्युअल रशियात पोतेमकिन या बड्या सरदाराच्या चाकरीत होता. त्याच्याकडे राहायला गेला असताना कामगारांवर देखरेख ठेवण्यासाठी भावाने काढलेली गोल इमारतीची कल्पना बेंथमने उचलली आणि तिचा तुरुंग केला. वीसेक वर्षं तो ब्रिटिश सरकारच्या मागे लागला. तुरुंग झाला नाही. शेवटी १८१३ मध्ये सरकारने २३ हजार पौंड भरपाई देऊन विषय संपवला. ज्याच्या मनात बोक्याबद्दल एवढी माया, त्याने माणसांना चोवीस तास नजरेखाली ठेवणारी इमारत का रचावी, हा प्रश्न मला अजून पडतो.

१८०८ च्या सुमारास जेम्स मिल त्याच्या वर्तुळात आला आणि मिलचा मुलगा जॉन स्टुअर्ट याच विचारांवर वाढला. आपल्या गोपाळ गणेश आगरकरांवर ज्याच्या लिखाणाचा मोठा प्रभाव होता, तोच हा मिल. १८५२ मध्ये विल्यम ह्यूवेल या प्राध्यापकाने बेंथमची खिल्ली उडवली. उपयुक्ततावाद मानला तर डुकरांच्या आणि हंसांच्या सुखासाठी माणसाचं सुख सोडावं लागेल, असा त्याचा टोमणा. मिल मागे हटला नाही. प्राण्यांना होणारी वेदना माणसाला मिळणाऱ्या सुखापेक्षा जास्त असेल, तर ती प्रथा अनैतिकच, मग त्यावर सगळा सिद्धांत पणाला लागला तरी बेहत्तर, असं त्याने ठणकावलं.

बेंथम हयात असतानाच ब्रिटिश संसदेने १८२२ मध्ये गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. तो रिचर्ड मार्टिन या खासदाराचा होता, बेंथमचा नव्हे. दोन वर्षांनी लंडनमध्ये प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था निघाली. १८२५ मध्ये बेंथमने एका वर्तमानपत्राला पत्र लिहून आपली भूमिका पुन्हा मांडली. माणसाच्या भल्याचा ठरावीक हेतू असेल आणि तो साधण्याची खरी शक्यता असेल, तर वैद्यकीय प्रयोगात कुत्र्याला वेदना द्यायला त्याची हरकत नव्हती. उगाच दिलेली वेदना मात्र त्याला अजिबात मान्य नव्हती. वय ७७ झालं तरी हिशोब तोच होता.

६ जून १८३२ रोजी तो गेला. मेलेल्या शरीराचाही उपयोग झाला पाहिजे, म्हणून आपल्या देहाचं विच्छेदन करावं आणि नंतर सांगाडा कपडे घालून जपावा, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. तीन दिवसांनी त्याचा डॉक्टर मित्र साउथवुड स्मिथ याने मित्रमंडळींसमोर विच्छेदन केलं. बाहेर तेव्हा गडगडाटासह पाऊस पडत होता. खरं डोकं वाळवून टिकवायचा प्रयत्न फसला, चेहरा भयानक दिसायला लागला, म्हणून मेणाचं बसवलं.

आता हिशोब पुन्हा मांडला तर?

प्राण्याला पुढचं दिसत नाही, या खुंटीवर बेंथमने मांसाहार टांगला होता. गेल्या वीस वर्षांत ती खुंटी हलायला लागली आहे. २००७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की स्क्रब जे नावाचे पक्षी उद्या सकाळी जिथे खायला मिळणार नाही त्या खोलीत आज संध्याकाळीच खाणं लपवून ठेवतात. २०२१ मध्ये कटलफिशवरचा प्रयोग आला. समोरचा खाऊ लगेच न खाता, जास्त आवडीचा खाऊ मिळेपर्यंत दोन मिनिटांहून जास्त वेळ थांबायची त्यांची तयारी होती. लहान मुलांना मार्शमेलो देऊन करतात तोच हा प्रयोग. कटलफिश म्हणजे कोकणात आपण ज्याला माकूल म्हणतो त्याच कुळातला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डुकरांनी तोंडाने जॉयस्टिक हलवून स्क्रीनवरचा साधा खेळ खेळून दाखवला होता.

यातून त्यांना मरण कळतं असं सिद्ध होत नाही. पण दोन मिनिटांनंतरचं कळत असेल, तर लांबची धास्ती नसतेच, हे बेंथमइतक्या खात्रीने म्हणणं अवघड झालंय. आणि झटपट मरणाचं काय? त्याच्या काळी पिंजऱ्यांच्या रांगा असलेले पोल्ट्री फार्म नव्हते. मरण झटपट असलं तरी त्याआधीचं सगळं आयुष्य कसं गेलं, हा प्रश्न त्याच्याच सूत्रातून येतो.

सरकारं मात्र अजून त्याच्याच रेषेवर उभी आहेत. स्वित्झर्लंडने २०१८ पासून लॉबस्टर बेशुद्ध न करता जिवंत उकळायला बंदी केली. खायला नाही. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपस, माकूल, खेकडे, लॉबस्टर यांना संवेदना असलेले जीव म्हणून मान्यता दिली. खायला तिथेही परवानगी आहेच. आपल्याकडे राज्यसभेत नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी लावून धरल्यावर १९६० मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव प्राणी, आणि कलम ११ नुसार खाण्यासाठी मारणं हा गुन्हा नाही, फक्त अनावश्यक वेदना देता येत नाही. बेंथमची तळटीप जणू कलम नंबर लावून छापली आहे.

खेकडाही त्या व्याख्येत बसतो. आमच्या घरी रविवारी जिवंत खेकडे यायचे, पिशवीत खुडबुड करत. आई नांगे मोडायची आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे, मग जेवायच्या वेळी सगळ्यांत आधी पानावर. अनावश्यक वेदना म्हणजे नेमकी किती, हे कायद्यात लिहिलेलं नाही. आई हल्ली खेकडे आधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवते. मी माकूल बंद केलंय. कोंबडी खातेय अजून, आणि माकूल सोडून कोंबडी का, असं कुणी विचारलं की मला ते बेंथमइतकं नीट मांडता येत नाही.